मागं आवाज येतोय का?

चेक.

एवढाच शब्द ग्यानोबाच्या तोंडात राहिला. बाकीचे सगळे गेले. पोराचं नाव गेलं, गावाचं गेलं, पाणी गेलं, भाकर गेली, आयुष्यभर जपून जपून वापरलेल्या शिव्यासुद्धा गेल्या. नांदेडच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं आधी छताकडं बघितलं, मग खाटेजवळ उभ्या असलेल्या बायकोकडं, केवळाबाईकडं बघितलं आणि वाकड्या झालेल्या तोंडातून पहिला शब्द काढला तो हा.

"काय म्हणले?" केवळाबाई वाकली.

"चेक."

नर्सबाईला वाटलं, म्हातारा बिलाबद्दल विचारतोय. "बाबा, ते खाली काउंटरवर. तुमी गप पडून राहा."

त्यांचा पोरगा रविकिरण रडता रडता हसला. "माय, माइक टेस्टिंग करून राहिले दादा."

त्यात खोटं काही नव्हतं. अहमदपूरच्या बाजारात ग्यानोबाचं साउंडचं दुकान. लग्न, बारसं, सप्ताह, निवडणूक, शाळेचं गॅदरिंग, कुणाच्या बैलजोडीची मिरवणूक, काहीही असो. आधी ग्यानोबा माइकवर बोटानं टकटक करणार, फुंकर मारणार आणि म्हणणार, हॅलो, चेक. इतक्या वेळा म्हटलेला शब्द जिभेत खोल रुतून बसला होता. लकव्यानं वरवरचं सगळं खरवडून नेलं, हा तेवढा निघाला नाही.

*

चेक म्हणजे पाणी.

चेक म्हणजे पाणी नको, आत्ताच पिलो.

चेक म्हणजे उशी. चेक म्हणजे उशी नव्हं, पाय. पाय नव्हं, त्या पायाखालची वळकटी.

चेक म्हणजे कोण आलं?

चेक म्हणजे कशाला आलं?

घरी आणल्यावर पहिल्या पंधरवड्यात केवळाबाईचा जीव मेटाकुटीला आला. उजवा हात पडलेला, उजवा पाय ओढत चालायचा, त्याचं तिला काही वाटलं नाही. माणूस जड झाला तर उचलायला दोघं लागतात, एवढंच. पण माणूस दिवसभर बोलतोय आणि काय बोलतोय ते कळत नाही, हे कसं उचलायचं?

"चेक."

"पाणी देऊ?"

"चेक."

"मग च्या?"

"चेक चेक."

"उन्हात बसवू का?"

"चेक."

"चला, बसवते."

"चेक!"

"न्हाई बसवत, न्हाई बसवत! वरडू नका. सारी गल्ली म्हणंल, केवळाबाई नवऱ्याला मारून राहिली."

त्यावर ग्यानोबा हसला. अर्ध्याच तोंडानं, पण हसला. मग लगेच डोळे मिटून भिंतीकडं वळला आणि केवळाबाईला कळेना, हसला ते तिच्या बोलण्याला, की नुसतंच तोंड वळलं.

हळूहळू तिनं सूर धरले. शेवट वर गेला की हवं. खाली आपटला की नको. लांबला की दुखतंय. दोनदा आला की गाढवे, तुला काहीच कळत नाही. यात ती पुष्कळदा चुकायची, पण दहातल्या चार वेळा जमायचं आणि तेवढ्यावर संसार चालत होता. आधी तरी दहातल्या किती वेळा जमत होतं?

*

रविकिरणची बायको तनुजा शाळेत इंग्रजी शिकवायची. अहमदपूर-जळकोट रस्त्यावरची शाळा. ती सासऱ्याला मामा म्हणायची, सासूला आत्या. तिनं एका रविवारी मोठी डिक्शनरी काढली आणि सासऱ्याच्या खाटेशेजारी मांडी घालून बसली.

"आत्या, हा शब्द साधा न्हाई. लई अर्थ हायेत."

"असतीलच की. दिसभर ऐकते मी."

"तपासणे, हा पहिला. मग थांबवणे, रोखणे. मग बरोबर असं दाखवायची खूण करणे. सामान सोपवणे. बुद्धिबळात शह देणे. चौकडीचं कापड."

"चौकडीचं?"

"चौकड्याचा शर्ट असतो न्हाई का?"

गुऱ्हाळाला लागतं तसं सगळं घर कामाला लागलं. शेजारची साखराबाई, जिला बोलावल्याशिवाय यायची सवय होती, म्हणाली, "अगं बया, मग तेच मागून राहिला असंल तो! त्याचा एक चौकड्याचा शर्ट व्हता की. निळा. लई आवडीचा."

निळा चौकड्याचा शर्ट ट्रंकेत सापडला. रविकिरण आणि तनुजानं मिळून तो ग्यानोबाला घातला. पडलेला हात बाहीत घालताना दोघांची दमछाक झाली. ग्यानोबानं शर्टाकडं बघितलं. चौकड्यांवरून डाव्या हाताचं बोट फिरवलं. सगळे श्वास रोखून बसले.

"चेक चेक," ग्यानोबा म्हणाला.

"काय म्हणले?" साखराबाईनं विचारलं.

"गाढवं म्हणले," केवळाबाई म्हणाली. "समद्याला."

दुसरा अर्थ तनुजाच्या मते नक्की लागू पडला. रविकिरण अंगणातून टेम्पो जोरात मागं घ्यायचा, तेव्हा ग्यानोबा खाटेवरून ओरडायचा, चेक! म्हणजे थांब. रोखणे. तनुजाला आनंद झाला. पण कोंबडी शिजत असताना आणि टीव्हीवर पावसाच्या बातम्या लागल्या असताना सासरा तसाच ओरडला, तेव्हा तिनं डिक्शनरी मिटली. "या पुस्तकात मामाचा अर्थ नसंल आत्या," ती म्हणाली. मग सासऱ्याच्या पायावर पांघरूण नीट केलं आणि कालवण हलवायला गेली.

*

लातूरला बोलायच्या डॉक्टरीणबाई होत्या. दीपाली मॅडम. वयानं लहान, आवाजानं मऊ. समोरचा अडखळला तरी न घाई करता वाट बघायच्या. दर गुरुवारी एसटीनं केवळाबाई ग्यानोबाला घेऊन जायची. रविकिरणला लग्नसराईत सवड नसायची. कंडक्टर ओळखीचा झाला होता, तो ग्यानोबाला दारापाशीची जागा द्यायचा आणि म्हणायचा, "काका, माइक चालू हाय का?" ग्यानोबा म्हणायचा, "चेक." सगळी गाडी हसायची. केवळाबाईपण हसायची. घरी कुणी असं केलं असतं तर तिनं झाडू काढला असता, पण गाडीतलं हसू वेगळं होतं, त्यात ग्यानोबाला जागा होती.

दीपाली मॅडमनी सांगितलं होतं, "काकू, डोक्यात शब्द असतात. तोंडापर्यंतची वाट तुटलेली असते. जो शब्द फार वापरला, तो आपोआप बाहेर पडतो. त्या शब्दाचा अर्थ तोच असेल असं नाही."

"म्हंजी चेक म्हणले तरी चेक न्हाई?"

"हो. काहीही असू शकतं. किंवा काहीच नसू शकतं."

ते 'काहीच नसू शकतं' केवळाबाईनं ऐकलं, पण बाजूला ठेवून दिलं. वाईट निघालेलं वांगं बाया टोपलीच्या कडेला ठेवतात, तसं.

त्या गुरुवारी मॅडमनी टेबलावर चित्रं मांडली. गाय, सायकल, केळं, एसटी. गाय दाखवा म्हटलं की ग्यानोबा डाव्या हातानं गाय दाखवायचा. सायकल दाखवली. केळ्याच्या ऐवजी एसटी दाखवली, पण ती जवळ होती म्हणून असेल. मग मॅडमनी मोबाइलवर घरचे फोटो लावले. रविकिरणकडून मागवून घेतले होते.

"काका, मुलगा दाखवा."

दाखवला.

"सूनबाई?"

दाखवली.

"आणि मिसेस? तुमच्या मिसेस कोणत्या?"

ग्यानोबा फोटोंकडं बघत राहिला. बोट उचललं नाही. मॅडमनी हळूच केवळाबाईकडं हात केला. "ह्या कोण आहेत काका? ह्यांचं नाव सांगा. पहिलं अक्षर मी सांगते. के..."

ग्यानोबानं मान खाली घातली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाला, "चेक." खाली आपटलेला. नको.

"घरी काय म्हणून हाक मारायचे तुम्हाला?" मॅडमनी केवळाबाईला विचारलं. "तो शब्द वापरून बघू."

आणि इथं केवळाबाई अडली. काय म्हणून? कधी हाक मारलीच नव्हती. नाव तर नाहीच. त्यांच्या घरांत नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही, बायकोनं नवऱ्याचं घ्यायचं नाही. खाकरायचं, भांडं आपटायचं, पोराला निरोप द्यायचा. लग्नात घास भरवताना बायांनी अडवून धरलं म्हणून ग्यानोबानं एकदा तिचं नाव घेतलं होतं, तेही असं पुटपुटला की मांडवात कुणालाच ऐकू गेलं नाही. पुढं तो माणूस गावोगावी नवरीमुलींच्या तोंडापुढं माइक धरून उभा राहिला, नाव जोरात घ्या, मागं ऐकू जाऊ द्या, म्हणत. स्वतःच्या बायकोचं नाव मात्र त्या एका घासाबरोबर गिळून बसला.

"काही न्हाई म्हणायचे," ती म्हणाली.

मॅडमनी समजून मान हलवली. त्यांना जे समजलं ते वेगळंच होतं. बाहेर पडताना त्यांनी केवळाबाईचा हात हातात घेतला. "काकू, नाराज होऊ नका. कधी कधी माणसं ओळखण्यातही गडबड झालेली असते. मुलाला ओळखतात, सुनेला ओळखतात, हे चांगलं आहे. तुमचं आपण बघत राहू."

*

तुमचं आपण बघत राहू.

परतीच्या एसटीत ग्यानोबा तिच्या खांद्यावर झोपला. चाकूरपाशी गाडी खड्ड्यात आदळली, तेव्हा जागा झाला, तिच्याकडं बघितलं, म्हणाला, "चेक," आणि पुन्हा झोपला. हा सूर कुठला? वर गेला? खाली आला? तिला धरता येईना. आजवर धरलेले सगळे सूर तिनं मनातल्या मनात परत ऐकले. पाणी म्हणून जो चेक यायचा, तो पाण्यासाठी होता. उशी म्हणून यायचा, तो उशीसाठी. तिच्यासाठी म्हणून, केवळाबाईसाठी म्हणून, त्यातला एक तरी होता का? की खाऊ घालणारी एक बाई आहे, तिला सांगितलं की वस्तू मिळते, एवढंच?

लकवा झाला, सोसलं. वाचा गेली, सोसलं. पण आपण कोण हेच त्या डोक्यातून पुसलं गेलं असेल, तर आपण दिवसभर हे कुणाचं करून राहिलो? आणि तो तरी कुणाच्या घरात पडून राहिलाय?

दुसऱ्या दिवशी तिनं साखराबाईला सांगितलं, "आज च्या तू दे त्यांला. मी दाराआड उभी राहाते."

"का गं? भांडलीस का?"

"दे म्हणले तर दे."

साखराबाईनं कप दिला. ग्यानोबानं कप घेतला. साखराबाईकडं बघितलं आणि म्हणाला, "चेक." अगदी तसाच. केवळाबाईला सकाळी म्हणतो तस्साच, शेवट जरा वर.

साखराबाई खूश. "बघ, मला पण म्हणले!"

दाराआड केवळाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. थोड्या वेळानं अंगणात शेळी आली, ग्यानोबा शेळीलाही तेच म्हणाला.

त्या दिवसापासून तिनं विचारायचं सोडलं. पाणी देऊ का, ऊन लागतंय का, काही नाही. वेळेवर पाणी, वेळेवर गोळी, वेळेवर भाकर कुस्करून. चेक आला की वस्तू पुढं करायची आणि आपल्या कामाला लागायचं. ग्यानोबा तिच्याकडं बघत राहायचा. दोनदा, तीनदा म्हणायचा. ती वळायची नाही.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही. घर स्वच्छ होतं, म्हातारा वेळेवर जेवत होता. गल्ली म्हणायची, नवऱ्याची सेवा करावी तर केवळाबाईनं.

*

जानेवारीत तनुजाच्या शाळेचं गॅदरिंग आलं. साउंड अर्थातच रविकिरणचा. "दादालापण नेऊ," तो म्हणाला. "घरात कोंडून किडले ते. मशीनजवळ बसतील जरा." दादाला न्यायचं म्हणजे मायलाही न्यायचं.

सकाळचं ऊन कोवळं होतं. शाळेचं मैदान लांबलचक. एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला तारेचं कुंपण आणि पाण्याची टाकी. रविकिरणनं स्टेजच्या खाली कापडी छत ठोकलं होतं, त्याखाली टेबल, टेबलावर आवाजाचा मिक्सर. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकरचे काळे बॉक्स. ग्यानोबाला टेबलाशेजारी खुर्चीत बसवलं. त्यानं मिक्सरवरच्या बटणांच्या रांगा बघितल्या. त्याच्या काळात एक मशीन, त्याला चार बटणं, झाडावर दोन कर्णे आणि एक माइक एवढाच संसार होता.

रविकिरणनं पेनड्राइव्ह लावून एक गाणं सुरू केलं आणि मोबाइल हातात धरून मैदानात फिरायला लागला. मोबाइलवर हिरव्या-लाल रेषा नाचत होत्या. त्यांचं चेकिंग आता असं होतं.

"चेक," ग्यानोबा म्हणाला.

"झालं दादा चेक. मोबाइलवर दिसतंय समदं."

"चेक! चेक!"

"माय, पाणी दे गं त्यांला."

केवळाबाईनं बाटली उचलली आणि मैदान ओलांडून टाकीकडं निघाली. गाणं बंद झालं. पोरं अजून वर्गातच होती, मैदान रिकामं. तिनं तोटी सोडली, बाटली खाली धरली.

"चेक."

दोन्ही बॉक्समधून आला. टेबलावर माइक चालू राहिला होता, ग्यानोबाच्या तोंडाशेजारी. आख्ख्या मैदानावरून तो शब्द घरंगळत आला, तिच्या पाठीवर आपटला, कुंपणापलीकडच्या तुरीच्या रानात गेला.

केवळाबाईचा डावा हात वर गेला.

तिनं वर केला नाही. तो गेला. बाटली उजव्या हातात, तोटी वाहतेय, आणि डावा हात डोक्याच्या वर सरळ, बोटं जुळलेली.

*

ऐकणाऱ्यानं इथं थोडं मागं यावं. पार मागं, जेव्हा दुकान नव्हतं, नुसती एक सायकल होती आणि तिच्या कॅरिअरला मशीन बांधलेलं असायचं. हाताखाली पोरगा ठेवायची ऐपत नव्हती. मग कर्ण्याची पिशवी घेऊन केवळाबाईच मागं चालायची, रविकिरण उजव्या कडेवर.

कर्णे बांधून झाले की ग्यानोबा माइकपाशी राहायचा आणि ती चालत चालत मैदानाच्या शेवटच्या टोकाला जायची. जिथं सगळ्यांत उशिरा येणाऱ्या बाया बसतात तिथं. तो म्हणायचा, "हॅलो, चेक. मागं आवाज येतोय का?" आता एवढ्या लांबून तिनं ओरडून सांगितलं तर त्याला काय ऐकू जाणार? माइक एकच, तो त्याच्याकडं. म्हणून खुणा. उजव्या कडेवर पोरगं, म्हणून सगळ्या खुणा डाव्या हाताच्या. हात वर, येतोय. पंजा खाली दाबला, लई मोठा झाला, कमी करा. कानाची पाळी ओढली, शिट्टी मारतोय. पदराचं टोक धरून हवेत गोल फिरवलं, इको जास्त झाला, शब्दात शब्द गुंतून राहिले.

आणि शेवटची, सगळं जमलं की. पाच बोटं तोंडाशी. चला, भाकर खाऊ.

त्या खुणेवर तो काहीच म्हणायचा नाही. नुसता माइक आडवा ठेवायचा. ठप्प असा आवाज गावभर जायचा. गावाला वाटायचं, माइक पडला. तिला कळायचं, निघाला.

मग दुकान झालं, हाताखाली पोरं आली, ती घरात राहायला लागली. खुणा कुणी मोडल्या नाहीत, नुसत्या लागेनाशा झाल्या.

*

टाकीपाशी केवळाबाई हात वर करून उभी होती आणि मैदानाच्या त्या टोकाला खुर्चीतला माणूस ताठ झाला होता. एवढ्या लांबून तोंड दिसत नव्हतं. नुसता निळा शर्ट.

"चेक," बॉक्स म्हणाले.

हात तसाच. येतोय.

मग तिच्या मनात दुसरी खूण आली. बघावं का? न बघितलेलं बरं का? तसा हात तर कुणीही वर करतं. समोरच्या माणसानं हात वर केला, एवढंच दिसलं असेल त्याला. शेळीनं मान वर केली तरी तो म्हणतोच.

तिनं बाटली खाली ठेवली. पदराचं टोक धरलं आणि हवेत गोल फिरवलं. एकदा. दोनदा. इको जास्त झाला.

काही नाही.

निळा शर्ट हलला नाही. कुंपणावर एक साळुंकी येऊन बसली. केवळाबाईनं तिसऱ्यांदा फिरवलं आणि तिचा हात जड झाला.

मग ग्यानोबा पुढं झुकला. डावा हात मिक्सरवर गेला, एका बटणावर, दुसऱ्यावर, माघारी. त्याला सापडत नव्हतं. जुनं मशीन असतं तर शेवटचं उजवीकडचं, डोळे मिटूनसुद्धा. इथं शंभर होती.

"दादा, हात नका लावू!" रविकिरण पळत आला. माइक चालूच होता, म्हणून सगळं मैदानभर. "काय पायजे? पाणी आणायला माय गेली ना?"

"चेक चेक!"

"काय पायजे पण?"

आणि ग्यानोबानं डावा हात वर केला, चिमटीत काहीतरी धरलं, जे तिथं नव्हतं, आणि हवेत गोल फिरवलं.

रविकिरण बघत राहिला. एक माणूस, चौकड्याचा शर्ट घातलेला, नसलेला पदर फिरवतोय. त्यानं मान वळवून टाकीकडं बघितलं, तर तिकडं त्याची माय खरा पदर फिरवून राहिलेली. "आईशप्पत," तो म्हणाला आणि तेही मैदानभर गेलं. "काय लावलंय दोघांनी?"

तो पुन्हा बापाकडं बघायला लागला. गोल, गोल, गोल. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. साउंडवाल्याचाच पोरगा होता. "इको? इको कमी करू?"

ग्यानोबाची मान वर-खाली, वर-खाली.

रविकिरणनं बटण फिरवलं.

"चेक," ग्यानोबा म्हणाला. कोरडा, लहान, नीट कातरलेला. कुठं न आपटता सरळ तिच्यापर्यंत आला.

केवळाबाईनं डाव्या हाताची पाच बोटं एकत्र केली. हात तोंडाशी नेला.

बॉक्समधून आवाज आला.

ठप्प.

*

ती टाकीच्या ओट्यावर बसली. तोटी वाहत होती, बाटली भरून सांडत होती, लुगड्याचा काठ भिजत होता. वर्ग सुटून पोरं बाहेर यायला लागली, तेव्हा तनुजाला ती तिथं दिसली. "आत्या! काय झालं? बरं न्हाई वाटत का?"

"बरं हाय."

"मग रडायला काय झालं?"

"तुझे मामा लई घाण माणूस हाय," केवळाबाई नाक पुसत म्हणाली. "इतके दिस मी पाणी देऊन राहिले, उशी देऊन राहिले. ते इचारून राहिले, आवाज येतोय का, आणि मी आपली उशी देऊन राहिले."

तनुजाला यातलं काही कळलं नाही. पण तिनं तोटी बंद केली, सासूचा हात धरला आणि दोघी मैदान ओलांडून स्टेजकडं गेल्या. छताखाली ग्यानोबा माइक आडवा ठेवून बसला होता. केवळाबाईनं पिशवीतला डबा काढला, भाकर कुस्करली. पोरांचा नाच सुरू व्हायच्या आत दोघांनी खाऊन घेतली, पूर्वीसारखी, स्टेजच्या आडोशाला. पहिला घास तिनं त्याला भरवला, दुसरा त्यानं डाव्या हातानं तिला भरवायला बघितला, तो अर्धा चौकड्यांवर सांडला.

*

गुरुवारी लातूरला दीपाली मॅडमनी पुन्हा चित्रं मांडली. गाय, सायकल, केळं. आज केळं बरोबर आलं. "आणि काका, ह्या कोण?"

ग्यानोबाची मान खाली.

"मॅडम," केवळाबाई उठली. "मला जरा लांब जाऊ द्या."

"कुठं?"

"मागं."

मॅडमना काही कळलं नाही, पण त्या घाई करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी दार उघडं ठेवलं. केवळाबाई खोलीबाहेर पडली. बाहेर लांब बोळ होता, दोन्ही बाजूंच्या बाकांवर पेशंट बसलेले, कुणी डबा खातंय, कुणी नंबर यायची वाट बघतंय. ती पार टोकाला, खिडकीपाशी गेली, वळली, पदर खोचला. उघड्या दारातून खुर्ची दिसत होती, खुर्चीतला माणूस दिसत होता. आता त्याची मान वर होती.

"चेक."

डावा हात वर.

बाकांवरची माणसं तिच्याकडं बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला विचारलं, काय चालू हाय?

खोलीत ग्यानोबाचं वाकडं तोंड हललं. ओठ मिटले, उघडले. काहीतरी वर येत होतं आणि अडकत होतं. दीपाली मॅडम पुढं सरकल्या, पण त्यांनी अक्षर सुचवलं नाही, नुसती वाट बघितली.

"चेक," तो म्हणाला. आणि मग, एका दमात न आलेलं, मध्येच मोडलेलं, लाळेत भिजलेलं, "मा... मागं?"

केवळाबाईचा हात वरच होता. हातानं सांगून झालंच होतं. पण इथं माइक नव्हता, कर्णे नव्हते, मैदान नव्हतं. नुसता बोळ, आणि इथून तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं ते तोंडानं सांगितलं. बाकांवरचे दचकले एवढ्या मोठ्यानं.

"येतोय! लई चांगला येतोय!"